ट्रॉली हलायच्या आधी: वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

मागच्या अंकात आयसीयूच्या भेटीच्या वेळांवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं नातेवाईकांच्या तक्रारी येतील. त्या आल्याच, पण त्यांच्यासोबत स्टाफचीही बरीच पत्रं आली आणि फिरून फिरून सगळ्यांचा विषय एकच निघाला, तो म्हणजे सिरीयस पेशंटला आयसीयूतून सीटीला, कॅज्युअल्टीतून ओटीला (ऑपरेशन थिएटरला), ओटीतून परत आयसीयूत न्यायचं काम. आम्ही ज्याला नुसतं 'शिफ्टिंग' म्हणतो ते. जसं काही फर्निचर हलवायचंय. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, हॉस्पिटलांची तर नाहीच नाही, उगाच कुणाची नोकरी जायला नको.

प्रश्न : ताई, मी जीएनएम करून आयसीयूला लागलेय. रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सीटीला न्यायचं म्हटलं की पोटात गोळाच येतो. आत सगळं हाताशी असतं, बाहेर पडलं की काहीच नसतं. मागे एकदा कॉरिडॉरमध्येच औषध सोडणारा सिरिंज पंप बंद पडला, बीपी धाडकन खाली आलं आणि सोबत फक्त मामा (वॉर्डबॉय) होते. सीनियर म्हणतात सवय होईल. खरंच होते का? – एक स्टाफ नर्स, इंदिरानगर

अगं, गोळा येतोय ते बरंच आहे, ज्यांना काहीच वाटत नाही त्यांच्यासोबत पेशंट पाठवायची मला भीती वाटते. सवय होते, पण ती तयारीची व्हायला हवी, नुसती जायची-यायची सवय झाली की माणूस गेज न बघता सिलिंडर जोडतो.

ऑक्सिजनपासून सुरू कर. आत तो भिंतीतून येतो म्हणून आपण त्याचा विचारही करत नाही, ट्रॉलीवर मात्र जेवढा सिलिंडरमध्ये तेवढाच. आपल्याकडचा बी टाइप सिलिंडर साधारण १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा असतो, पूर्ण भरलेला असला की गेज १५० च्या आसपास दाखवतं, १० गुणिले १५० म्हणजे १५०० लिटर गॅस. काटा निम्म्यावर असेल तर ७५०. मिनिटाला १५ लिटर जात असतील तर ते झाले ५० मिनिटं, तेही कागदावर, कारण कुठेतरी वॉशरमधून गळत असतंच. आणि पेशंट हाय फ्लोवर (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर) असेल, पूर्ण ऑक्सिजनवर ६० लिटरचा फ्लो चालू असेल, तर तोच अर्धा सिलिंडर १२ मिनिटांत संपतो, म्हणून हाय फ्लोच्या पेशंटबद्दल कोणी 'जरा पटकन सीटी करून आणा' म्हटलं की हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडायचा, वाद घालत बसायचं नाही. जायला, थांबायला, यायला जेवढा वेळ लागेल त्याच्यावर अर्ध्या तासाचा ऑक्सिजन जादा हवा. अमेरिकन कॉलेज ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २००४ च्या गाइडलाइनमध्येच हे लिहिलेलं आहे, आणि सोबत किमान दोन माणसं हवीत हेही त्यातच आहे. तुझ्यासोबत मामा होते म्हणजे दोन झाले असं कोणी म्हणेल, पण मामा ट्रॉली ढकलत होते, पेशंट बघायला तू एकटीच होतीस.

आणि सिलिंडरची चावी! ती सिलिंडरच्या गळ्यालाच बँडेजच्या पट्टीने बांधलेली पाहिजे. 'मामांच्या खिशात आहे' हे उत्तर चालत नाही कारण नेमके तेव्हाच मामा चहाला गेलेले असतात. ऑक्सिजन तुटला की काय होतं हे नाशिककरांना मी काय सांगू, २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयात टाकीच्या गळतीने सप्लाय बिघडला आणि वीसहून जास्त पेशंट गेले. तेव्हापासून मी ज्या ज्या सिस्टरांना काम करताना बघितलंय त्या खोलीत शिरल्या शिरल्या आधी गेजकडे बघतात, मग पेशंटकडे.

आता तुझ्या पंपाचं. पंप भिंतीच्या प्लगवर असतो तेव्हा बॅटरी फुल दाखवतो, त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. जायची तयारी सुरू केली की सगळ्यात आधी पंपांच्या वायरी काढायच्या आणि मग बाकीची कामं करायची, म्हणजे बॅटरी मेलेली असेल तर तो तुझ्यासमोर आयसीयूतच बोंबलेल आणि दुसरा पंप घ्यायला वेळ मिळेल. नॉरअॅड, म्हणजे बीपी टिकवायचं औषध, शरीरात दोन-अडीच मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे पंप थांबला तर बीपी पडायला कॉरिडॉर संपायचीसुद्धा गरज नाही. दुसरी सिरिंज आधीच भरून, लेबल लावून घे. सिरिंजमध्ये शेवटचे चार-पाच एमएल राहिलेत आणि 'जाऊन येईपर्यंत पुरेल' म्हणून निघायचं, हा प्रकार मी माझ्या पाळीत चालू देत नाही.

एक गोष्ट शाळेत कोणी शिकवत नाही म्हणून सांगते. सिरिंज पंप पेशंटच्या छातीच्या लेव्हलला ठेव. शिफ्टिंगच्या गडबडीत कोणीतरी तो उचलून सलाइनच्या स्टँडवर वर अडकवतं, कोणी खाली पायाशी गादीवर टाकतं. वर उचलला की थोडं औषध जास्तीचं आत जातं, खाली आणला की थोडा वेळ जातच नाही, स्पीड कमी ठेवलेला असेल तर हे जास्तच जाणवतं. मग मॉनिटरवर बीपी आधी चढतं मग उतरतं आणि सगळे म्हणतात पेशंट अनस्टेबल आहे. पेशंट आहे तसाच असतो गं, पंप नाचत असतो.

ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर लावला की लगेच ढकलायला सुरुवात करायची नाही. पाच-दहा मिनिटं आयसीयूतच त्याच्यावर ठेव, सॅच्युरेशन, बीपी, छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का ते बघ. पडायचं असेल तर इथे पडू दे, इथे सगळे आहेत. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशी, आणि तिचा मास्कसुद्धा! अंबू सगळे घेतात, मास्क विसरतात, आणि श्वासनळीतली ट्यूब बाहेर आली तर नुसती अंबू घेऊन करणार काय? ट्यूब ओठाशी कितीवर फिक्स आहे तो आकडा मोठ्याने म्हणायचा, '२२ ला आहे', निघताना एकदा, सीटीच्या टेबलवर घेतल्यावर एकदा, परत ट्रॉलीवर घेतल्यावर एकदा. मामांना पण पाठ होतो तो आकडा आणि मग तेच विचारतात 'सिस्टर, २२ ला आहे ना?'

आयसीडी (छातीतली हवा-पाणी काढायची नळी) असेल तर तिची बाटली छातीच्या खालीच राहील असं बघ आणि बबलिंग चालू असताना 'सांडेल' म्हणून क्लॅम्प लावून नेऊ नकोस, हवा आत कोंडते आणि पेशंट लिफ्टमध्ये निळा पडतो. युरोबॅग (लघवीची पिशवी) निघायच्या आधी रिकामी कर. सीटीत पोचलीस की स्कॅन सुरू व्हायच्या आधी टेक्निशियनला सांगून टेबल एकदा पूर्ण आत-बाहेर करून घे, व्हेंटिलेटरचं सर्किट ताणतंय का, सलाइनच्या नळीचा थ्री-वे कुठे अडकतोय का ते तेव्हाच कळतं. नंतर काचेमागे उभी राहशील तिथून मॉनिटर दिसायला हवा, नाहीतर तो फिरवून ठेव.

एवढं वाचून वाटेल निघायलाच अर्धा तास जाईल. जाऊ दे.

प्रश्न : माझे वडील ब्रेन हॅमरेजने ॲडमिट होते. डॉक्टर म्हणाले लगेच परत सीटी करायचंय, आणि तिथे सिस्टर लोक अर्धा तास नुसती वायरींची उठाठेव करत बसल्या. प्रत्यक्षात सीटी पाच मिनिटांत झालं. वर आम्हाला लिफ्टमध्येही घेतलं नाही, जिन्याने पळवलं. हा हलगर्जीपणा नाही का? – एक मुलगा, सिडको

दादा, राग समजू शकते. बाहेर बाकड्यावर बसलेल्याला दरवाजाच्या फटीतून तेवढंच दिसतं, कोणी वायर गुंडाळतंय, कोणी टेप लावतंय, आणि आपला माणूस तसाच पडलाय. पण वरच्या उत्तरात जे लिहिलंय ते सगळं त्या अर्ध्या तासात चाललं होतं. आयसीयूत पेशंटच्या आजूबाजूला जेवढं असतं ना त्यातलं जे जे लागू शकतं ते एका ट्रॉलीवर मावेल असं बांधायचं असतं, कारण मध्ये लिफ्टच्या तिथे काही लागलं तर मागे पळत जाऊन आणता येत नाही. तुमच्या वडिलांच्या केसमध्ये तर आणखी एक भानगड, मेंदूला सूज असताना डोकं ३० अंश वर ठेवतात, मान सरळ ठेवतात, आणि सीटीच्या टेबलवर मात्र आडवंच झोपवावं लागतं. तेवढा आडवा वेळ जितका कमी तितकं बरं, म्हणून तयारी वर करायची आणि खाली फक्त स्कॅन. ते पाच मिनिटांत झालं हे त्या अर्ध्या तासामुळे झालं.

'लगेच' म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी 'उद्यावर टाकू नका'. काही वेळा खरंच 'आत्ता' असतं, डोळ्याची बाहुली एकदम मोठी झाली, शुद्ध हरपत चालली, तेव्हा सगळे धावतात आणि तयारीही तशीच पळत होते, ते तुम्हाला न सांगता कळेल.

लिफ्टचं म्हणाल तर ट्रॉली, सिलिंडर, व्हेंटिलेटर, दोन-तीन माणसं एवढं आत गेलं की पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथे सिस्टरला पेशंटच्या डोक्याशी वाकायला जागा लागते. आपल्या शहरात राहत्या बंगल्याचं किंवा सोसायटीचं हॉस्पिटल केलेलं कितीतरी ठिकाणी आहे, तिथल्या लिफ्टा मुळात पेशंटच्या ट्रॉलीसाठी बांधलेल्याच नाहीत, पायाकडची बाजू तिरकी करून बसवावी लागते. तुमची जागा अडवायची म्हणून कोणी बाहेर काढलं नाही. एक काम मात्र नातेवाईकांनी जरूर करावं, एकाने पुढे जाऊन सीटीच्या दारात उभं राहावं आणि कॉरिडॉरमधली गर्दी बाजूला करावी. बाकीच्यांनी, कृपा करून, ट्रॉलीला हात लावू नये, चालता चालता 'बाबा, डोळे उघडा' म्हणून हात ओढू नये, त्या हातात सलाइनची लाइन असते.

तुम्हाला कोणी काय चाललंय ते एका वाक्यात सांगितलं नाही, ही मात्र आमची चूक धरा. सांगायला पाहिजे होतं.

प्रश्न : सिस्टर, मी वॉर्डबॉय आहे. एमआरआयचं मशीन आवाज करत नसेल म्हणजे बंद असेल तेव्हा सिलिंडर आत नेला तर चालतो ना? आमच्याकडे काही जण म्हणतात चालतो. – सातपूर

नाही दादा, अजिबात चालत नाही, आणि जे चालतो म्हणतात त्यांना हे पान दाखवा. तो आवाज स्कॅनिंगचा असतो. चुंबक वेगळं, ते दिवसरात्र चालूच असतं, रात्री खोलीला कुलूप लावलं तरी, दिवे घालवले तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईला नायर हॉस्पिटलमध्ये हेच झालं, पेशंटचा एक नातेवाईक सिलिंडर घेऊन आत गेला, मशीनने सिलिंडरसकट ओढून घेतला आणि तो तरुण माणूस जीवाला मुकला. तो स्टाफपैकी नव्हता हे लक्षात घ्या. सिलिंडर नातेवाईकाच्या हातात का गेला असेल ते तुम्हाला-मला चांगलं माहितीये, माणसं कमी असतात आणि 'जरा धरा हो' म्हणून आपण देतो. देऊ नका.

आपल्याकडचा नेहमीचा सिलिंडर लोखंडीच असतो. अॅल्युमिनियमचे एमआरआयवाले वेगळे मिळतात, पण बाहेरून रंगावरून ठरवू नका आणि त्याच्या रेग्युलेटरचं, त्याच्या गाड्याचं काय तेही बघावं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे एमआरआयच्या दाराबाहेर थांबायचं, पेशंट त्यांच्या बिनलोखंडी ट्रॉलीवर घ्यायचा, ऑक्सिजन आतल्या भिंतीच्या लाइनवर जोडायचा आणि आपली ट्रॉली, सिलिंडर, सलाइनचा स्टँड बाहेर. खिसे रिकामे करा, चाव्या, मोबाइल, सुटे पैसे, तंबाखूची डबी पण. आमच्या मुलींनाही सांगते, कात्री, आर्टरी (चिमटा), केसातल्या पिना, स्टेथोस्कोप, सगळं बाहेरच्या टेबलवर. साधे सिरिंज पंपही आत नेता येत नाहीत, लांब एक्स्टेंशन लावून बाहेर ठेवतात किंवा एमआरआयचे खास पंप वापरतात, आणि ईसीजीची साधी लीड अंगावर गुंडाळी होऊन राहिली तर कातडी भाजते. पेशंटला पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप टाकलीये का हे डॉक्टर विचारतातच, पण ट्रॉली ढकलता ढकलता म्हातारीशी गप्पा मारणारे तुम्हीच असता, तिने तुम्हाला सांगितलं 'छातीत मशीन बसवलंय बाबा' तर तिथेच थांबा आणि ओरडा.

तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. पेशंट हलवताना वॉर्डबॉयला कोणी काही सांगत नाही, फक्त 'चला चला' म्हणतात. मला विचाराल तर निघायच्या आधी मामांना तीन वाक्यांत सांगितलंच पाहिजे, पेशंटला काय झालंय, काय सांभाळायचं, आणि काही झालं तर ट्रॉली कुठे घ्यायची. मणक्याला मार असेल तर तेही, आपल्या आग्रा हायवेवरच्या, सिन्नर रोडवरच्या अॅक्सिडेंटच्या केसेस रोजच्याच आहेत, तिथे डोकं धरणाऱ्याने मोजायचं आणि सगळ्यांनी एकदम फिरवायचं, ज्याला घाई आहे त्याने आधीच उचलायचं नाही.

प्रश्न : मला तिसरा महिना आहे आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही. पेशंटसोबत सीटीला जावं लागतं. जाऊ का? – नाशिक रोड

आधी इनचार्जला सांग, आजच. लेड अॅप्रन घालून काचेमागे उभी राहिलीस तर मिळणारा डोस अगदी थोडा असतो, पण नियमाप्रमाणे बाळासाठीची मर्यादा फक्त १ मिलिसिव्हर्टची आहे आणि ती कळवल्यानंतरच लागू होते, तू सांगितलंच नाहीस तर कोण मोजणार? आत पेशंटजवळ उभं राहून अंबू दाबायची वेळ तुझ्यावर येऊ नये एवढ्यासाठी तरी सांग. दुसऱ्या मुली जातील. तू त्यांच्या दोन पेशंटांचं बघ.

प्रश्न : मी मेल नर्स आहे. पेशंटला कॅज्युअल्टीतून आयसीयूत नेताना लिफ्टमध्येच अरेस्ट झाला, हृदय बंद पडलं. दोन मजल्यांचं अंतर होतं. आम्ही सीपीआर दिला, आयसीयूत नेला, तिथे पण केलं, पण पेशंट गेला. सगळे म्हणतात तुमची काही चूक नाही. पण लिफ्टचं दार बंद होण्याचा आवाज आला की अजूनही मला तेच आठवतं. काय वेगळं करायला हवं होतं? – पंचवटी

ब्रदर, दोन प्रश्न आहेत तुमच्या पत्रात, एक लिहिलेला आणि एक न लिहिलेला. आधी लिहिलेल्याचं बघू.

लिफ्टमध्ये सीपीआर नीट देताच येत नाही, हे धरूनच चाललं पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान ५ सेंटीमीटर खाली, आणि तुम्ही एका गुडघ्यावर ट्रॉलीच्या कठड्यावर, डोकं लिफ्टच्या छताला, ट्रॉलीची गादी खाली स्पंजसारखी दबतेय. म्हणून लिफ्टमध्ये शिरायच्या आधीच ठरवून ठेवायचं असतं की मध्ये काही झालं तर कुठे उतरायचं. वर जवळ आहे की खाली? मधल्या मजल्यावर ओटी आहे का, रिकव्हरी आहे का, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) आणि डिफिब (शॉक द्यायचं मशीन) कुठे ठेवलंय? काही हॉस्पिटलांत मधल्या मजल्यावर फक्त बिलिंग आणि कॅन्टीन असतं, तिथे उतरून उपयोग नाही, मग दाब देत राहायचं आणि वर फोन करून दार उघडं ठेवायला सांगायचं. हे प्रत्येक बिल्डिंगचं वेगळं आहे, म्हणून एका निवांत दुपारी रिकामी ट्रॉली घेऊन तो रस्ता चालून यावा. कुठे उंबरा आहे, कुठे पेव्हर ब्लॉकवर ट्रॉली उडते, कुठल्या लिफ्टचं दार लवकर बंद होतं, लाइट गेली तर जनरेटर उचलेपर्यंत लिफ्ट किती वेळ लटकते. दोन बिल्डिंगांच्या मध्ये उघडं अंगण असेल तर डिसेंबरात नाशिकची पहाट काय असते हे तुम्हाला माहितीच आहे, ब्लीड झालेला पेशंट तेवढ्यात गार पडतो आणि गार पडलेल्याचं रक्त गोठत नाही, ब्लँकेट लागतंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅज्युअल्टीतून निघताना पेशंटचं काय चाललं होतं? ते तुम्ही लिहिलेलं नाही. ज्या पेशंटचं बीपी खालीच वाहतंय, श्वास दमत चाललाय, त्याची ट्यूब खाली उजेडात, चार माणसांत टाकायची की वर जाऊन बघू म्हणायचं, हा निर्णय ट्रॉलीचा ब्रेक काढायच्या आधीचा असतो आणि तो डॉक्टरांनी घ्यायचा असतो. तो तिथे झाला नसेल तर त्याचं ओझं लिफ्टमध्ये असलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकू नये. आणि झाला असेल, सगळं नीट करून निघाला असाल, तरी काही पेशंट अरेस्ट होतातच, ते ज्या जागी होते तिथेही झाले असते.

आता न लिहिलेल्याचं. आपल्याकडे असं काही झालं की पुढच्या पाच मिनिटांत बेड मोकळा करून नवीन पेशंट घ्यावा लागतो, फाइल पूर्ण करायची, नातेवाईकांसमोर उभं राहायचं, आणि मग शालिमारहून रिक्षा पकडून घरी. कोणी बसून विचारत नाही. तुम्ही स्वतःच विचारा, त्या रात्री सोबत असलेल्या डॉक्टरला, मामाला, दहा मिनिटं चहावर बसून, काय काय झालं ते क्रमाने एकमेकांना सांगा. चूक शोधायला बसू नका, नुसतं क्रमाने सांगा, कारण आपल्याला आठवतं ते तुकड्या-तुकड्यांत आणि ज्या तुकड्यात आपण असतो तोच सगळ्यात मोठा वाटतो. महिना उलटूनही झोप लागत नसेल, लिफ्ट टाळून जिने चढत असाल, तर सायकियाट्रीच्या डॉक्टरांना भेटा, त्यात कमीपणा काही नाही, आपण पेशंटांना हेच सांगतो ना?

प्रश्न : पेशंटचं बीपी धड नसतं, आणि रेडिओलॉजीतून फोन येतो 'आत्ता आणा नाहीतर नंबर जाईल', कन्सल्टंट फोनवर म्हणतात 'घेऊन जा'. ज्युनियर सिस्टरने 'थांबा' म्हणायचं कसं? आमच्यात कोणी म्हणत नाही. – एक सिस्टर, मुंबई नाका

'मला भीती वाटतेय' असं म्हणू नका, खरं असलं तरी. त्यावर उत्तर ठरलेलं आहे, 'काही होत नाही, जा'. आकडे सांगा. 'सर, मॅप (सरासरी बीपी) ५५ आहे, नॉरअॅड तासाभरात दुप्पट केलंय, आत्ता नेलं तर रस्त्यात अरेस्ट होऊ शकतो. थोडं स्टेबल करून नेऊ का, की तुम्ही किंवा आरएमओ (ड्यूटी डॉक्टर) सोबत येताय?' यात तुम्ही 'नाही' कुठेच म्हटलेलं नाही, दोन रस्ते दिलेत आणि निवड त्यांची आहे. वर ज्या गाइडलाइनचं सांगितलं तिच्यातही अनस्टेबल पेशंटसोबत ट्यूब टाकता येणारा डॉक्टर असावा असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. मग जे ठरेल ते वेळ टाकून नोट्समध्ये लिहा, निघतानाचे व्हायटल्स, कोणाला कळवलं, काय उत्तर मिळालं. सही.

एक प्रश्न विचारायचाही अधिकार आपल्याला आहे असं मी मानते: या स्कॅनने आज रात्री ट्रीटमेंट बदलणार आहे का? बदलणार असेल, ऑपरेशन करायचं की नाही ते त्याच्यावर ठरणार असेल, तर रिस्क घेऊनही जायलाच पाहिजे आणि मग आपण जीव तोडून नेतो. नसेल बदलणार तर सकाळी भरपूर माणसं असताना जाऊ. छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, टूडी एको हे तर मशीन बेडपाशी येऊन होतं, त्यासाठी पेशंट खाली न्यायची गरजच नसते, तरी न्यायला लावतात कारण मशीन वर आणायला माणूस नसतो! तिथे जरूर भांडा.

इनचार्ज सिस्टरांनाही दोन शब्द. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स हे सगळ्यांना माहिती आहे, पण प्रत्यक्षात तिच्याकडे आणखीही पेशंट असतात, आणि ती खाली गेली की तिचे बाकीचे पेशंट कोणाकडे हे कोणीच ठरवत नाही, शेजारच्या मुलीकडे डोळ्याने खूण करून ती निघते. निम्मी घाई या खुणेतून येते. खाली स्कॅनला थांबलेली असताना तिचं लक्ष वर असतं, सात नंबरच्या आजोबांनी परत नळी ओढली नसेल ना. ज्युनियरने 'थांबा' म्हटलं आणि इनचार्जने सगळ्यांसमोर तिलाच झापलं की पुढचं वर्षभर त्या आयसीयूत कोणी थांबा म्हणत नाही, हे पण मी जवळून बघितलंय.

प्रश्न : आम्ही ओटीतून पेशंट आणतो तर आयसीयूवाले दारातच फाइल हिसकावून घेतात, ओव्हर (पेशंट सोपवतानाची माहिती) ऐकतच नाहीत, सगळे एकदम लाइनींवर तुटून पडतात. मग दुसऱ्या दिवशी आमच्यावर येतं की सांगितलं नाही. – ओटी स्टाफ, जेल रोड

मी आयसीयूची असून सांगते, हे खरं आहे, आम्ही करतो तसं. पेशंट आत आला की प्रत्येकाचे हात शिवशिवतात. उपाय एकच जमलेला बघितलाय: आधी पेशंट बेडवर, व्हेंटिलेटर भिंतीला, मॉनिटरवर आकडे दिसायला लागले, की एक मिनिट सगळ्यांनी हात बाजूला आणि फक्त ओव्हर देणाऱ्याने बोलायचं. पेशंट सेटल व्हायच्या आधी ओव्हर सुरूच करू नका, दारात तर मुळीच नाही, कोणाच्या कानात जात नाही ते. कोण, काय ऑपरेशन, आत काय काय झालं, रक्त किती गेलं किती दिलं, कुठल्या लाइनला काय चाललंय, शेवटचा अँटिबायोटिक आणि पेनकिलर कधी दिलं, रस्त्यात काय झालं. रस्त्यातलं सगळे विसरतात. लिफ्टपाशी सॅच्युरेशन ८५ ला आलं होतं आणि अंबूवर घेतल्यावर सुधारलं, हे 'आता ठीक आहे' म्हणून कोणी सांगत नाही, आणि तासाभराने परत पडलं की आयसीयूवाल्यांना ते नवीनच वाटतं.

लाइनींना लेबल ओटीतच लावून पाठवा, मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं तरी चालेल. आणि ओव्हर ज्यांनी घेतला त्यांचं नाव आणि वेळ तुमच्या फाइलच्या पानावर लिहून घ्या, घेणाऱ्यांनीही मुकाट सही करावी. आमच्याकडच्या कोणी कुरकुर केली तर हे सदर त्यांच्या नोटीस बोर्डावर चिकटवा, माझी हरकत नाही.